सोनेरी तिवईमागचा धूर



गेल्या महिन्यात माझी धाकटी जाऊ मुंबईहून आली ती गाडीच्या डिकीत एक जड गाठोडं घेऊनच. दोन जुन्या साड्या सोडल्यावर आतून निघाली कमरेएवढी उंच, तीन पायांची सोनेरी तिवई. पाय खाली निमुळते होत खुरांवर टेकलेले. वर तीन बाजूंना शिंगं असलेली तीन तोंडं. एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत पानाफुलांच्या धातूच्या माळा, आणि माथ्यावर पांढऱ्या दगडाची गोल चकती. जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं तिला सांगितलं होतं, "फ्रेंच माल आहे मॅडम. दोनशे वर्षांचा. वर खरं सोनं आहे."

तिच्या मनात होतं की दशलक्षण पर्वात या तिवईवर जिनवाणी ठेवायची. आमचा लाकडी चौरंग एका पायानं डुगडुगतो, ही तिची जुनी तक्रार. सासूबाईंनी चष्मा लावला, तिवईभोवती एक फेरी मारली आणि दोनच प्रश्न विचारले.

"ही तोंडं कुणाची गं?"

आणि "सोनं चढवलंय म्हणतेस, ते चढवतात कसं?"

घरात कुणालाच उत्तर येईना. "अक्का, तुम्हाला वाचायची आवड आहे, तुम्हीच शोधा," असं म्हणून जाऊ चहा ठेवायला गेली. त्यानंतर तीन आठवडे मी दुपारची कामं आटपून हेच वाचत होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर गमतीचं निघालं. दुसऱ्याचं वाचताना मात्र मला मधेच थांबून उठावं लागलं.

तोंडं कुणाची?

ती तोंडं सॅटरची. सॅटर म्हणजे ग्रीक पुराणकथांमधला अर्धा माणूस, अर्धा बोकड. द्राक्षांच्या मळ्यात धुडगूस घालणारा, दारूच्या देवाचा सोबती. सासूबाईंना एवढंच सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग जिनवाणीखाली नको." अर्धा निकाल तिथेच लागला होता.

पण तिवईची गोष्ट सॅटरपेक्षा जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये तीन पायांवरचं काशाचं भांडं मुळात चुलीवर ठेवायचं होतं. तीन पाय का, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जमीन ओबडधोबड असली तरी तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही. आपली शंखाची अडणी तीन पायांची असते ती त्याच हिशोबानं. हळूहळू ग्रीकांमध्ये हे भांडं स्वयंपाकातून उठलं आणि मानाची वस्तू झालं. स्पर्धा जिंकणाऱ्याला तिवई बक्षीस मिळू लागली, देवळात तिवई वाहू लागले. डेल्फीच्या देवळात भविष्य सांगणारी पुजारीण तिवईवर बसत असे. अथेन्समध्ये लिसिक्रातीस नावाच्या एका श्रीमंत गृहस्थानं गायनाच्या स्पर्धेचा खर्च उचलला, त्याचा चमू जिंकला, आणि बक्षिसाची तिवई लोकांना दिसावी म्हणून त्यानं इ. स. पू. ३३४ च्या सुमारास एक गोल, खांबांचं स्मारक बांधलं. ते स्मारक आजही अथेन्समध्ये उभं आहे. वरची तिवई कधीच गेली.

मग ही ग्रीक तिवई दोन हजार वर्षांनी पॅरिसच्या दिवाणखान्यात कशी आली? त्याला कारण झाला एक ज्वालामुखी. इ. स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस फुटला आणि त्याखाली पाँपेई व हर्क्युलेनियम ही शहरं गाडली गेली. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पाँपेईचं १७४८ मध्ये. राखेखालून घरं निघाली, भिंतींवरची चित्रं निघाली, दिवे, भांडी आणि काशाच्या तिवयासुद्धा निघाल्या. नेपल्सच्या राजानं १७५७ पासून या वस्तूंच्या चित्रांचे मोठमोठे ग्रंथ छापायला सुरुवात केली आणि ते युरोपभर गेले.

त्याआधी फ्रान्समध्ये शंखशिंपल्यांसारख्या वळणावळणांची, कुठेही सरळ रेघ नसलेली सजावट चालू होती. तिचा लोकांना कंटाळा येऊ लागला होता. राखेतून निघालेल्या वस्तू पाहून सरळ रेषा, दोन्ही बाजू सारख्या, माळा, खांब, कलश यांची आवड निर्माण झाली. या शैलीला पुढे नवअभिजात असं नाव मिळालं. इंग्लंडमध्ये जेम्स स्टुअर्ट नावाचा वास्तुशिल्पी स्वतः अथेन्सला जाऊन तिथल्या इमारती मोजून आला होता. लिसिक्रातीसच्या स्मारकावर तिवई कशी असेल याचा अंदाज बांधून त्यानं १७६० च्या सुमारास केडलस्टन हॉल या हवेलीसाठी सोनेरी मुलाम्याच्या धूपदानीचं चित्र काढून दिलं. या शैलीतल्या धातुकामाच्या सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते.

फ्रान्समध्ये १७६३ साली जोसेफ-मारी व्हियाँ या चित्रकारानं एक चित्र प्रदर्शनात ठेवलं. त्यात अथेन्सची एक सोज्ज्वळ पुजारीण तिवईवरच्या निखाऱ्यांत धूप टाकते आहे. चित्राचं नावच होतं 'सदाचरणी अथेन्सवासिनी'. ते लोकांना फार आवडलं. त्यावरून १७७३ मध्ये एबर्ट्स नावाच्या गृहस्थानं घरात ठेवायची तिवई तयार करवली आणि तिला नाव दिलं 'अथेनियेन', म्हणजे अथेन्सची बाई. ही एक वस्तू किती कामांना येते याची त्यानं भली मोठी यादी दिली होती. फुलं ठेवा, धूप जाळा, सोनेरी मासे पाळा, कॉफी गरम ठेवा. ती यादी वाचून मला हसू आलं. आपल्याकडे प्रदर्शनात 'एकात सात' म्हणून भाजी चिरायचं यंत्र विकतात, त्यातलाच प्रकार.

पुढे नेपोलियनच्या काळात तर तिवई सगळीकडे झाली. त्याच्या स्वतःच्या तोंड धुण्याच्या भांड्यासाठी बिएने या कारागिरानं लाकूड आणि सोनेरी काशाची तिवई बनवली होती. सगळं राज्य गेल्यावर सेंट हेलेना बेटावर कैदेत जाताना नेपोलियननं जे थोडं सामान बरोबर नेलं त्यात ती होती. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

बारा हजारांची धूपदानी

या सगळ्या तिवयांमधली एक मी जरा जास्त बारकाईनं पाहिली. ती लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आहे, आणि तिचं चित्र पाहताच मला आमची दिवाणखान्यातली तिवई आठवली. तीन पाय, खाली खूर, वर सॅटरची तोंडं, तीन पायांच्या मधोमध वेटोळं घातलेला साप आणि वर जॅस्पर या मौल्यवान दगडाचं लालसर भांडं. हीसुद्धा धूपदानीच.

ती बनवली पिएर गूतिएर यानं, १७७४-७५ च्या सुमारास. गूतिएर हा खोगीर बनवणाऱ्याचा मुलगा, जन्म १७३२ चा. पॅरिसला येऊन तो एका मुलामा देणाऱ्याच्या हाताखाली काम करू लागला. तो मालक वारला. १७५८ मध्ये गूतिएरनं मालकाच्या विधवेशी लग्न केलं, कारखाना त्याच्याकडे आला आणि त्याच वर्षी तो स्वतः उस्ताद म्हणून मान्यता पावला. त्या बाईविषयी इतिहासात फार काही नाही. पण गूतिएरच्या हाती जो कारखाना आला तो तिच्यामुळे आला, हे लक्षात ठेवायला हवं.

गूतिएरचं नाव झालं ते एका खास कसबामुळे. सोन्याचा मुलामा तेव्हा बहुतेक सगळा घासून चकचकीत करत. त्यानं काही भाग चकचकीत आणि काही भाग मखमलीसारखा मंद ठेवायची पद्धत इतकी वर नेली की पान आणि त्याची शीर, कातडी आणि केस असे वेगवेगळे दिसू लागले. ओमाँच्या ड्यूकनं त्याच्याकडून पुष्कळ वस्तू करवून घेतल्या. ड्यूक १७८२ मध्ये वारला, त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, आणि लिलावाच्या यादीत गूतिएरच्या वस्तूंपुढे 'जी' हे अक्षर मुद्दाम छापलेलं होतं. ही धूपदानी त्या लिलावात राणी मारी आंत्वानेतसाठी १२,००० लिव्र देऊन घेतली गेली.

१२,००० लिव्र म्हणजे किती? त्या वेळी पॅरिसमधल्या साध्या मजुराची रोजची कमाई एक ते दीड लिव्रच्या आसपास होती. दीड लिव्र धरा, वर्षाचे ३०० दिवस काम धरा, एक पैसा खर्च झाला नाही असंही धरा. तरी त्याला या धूपदानीसाठी २६ वर्षांहून जास्त राबावं लागलं असतं.

एवढी किंमत मिळवणारा कारागीर सुखात मेला असेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. बडी माणसं वस्तू नेत, पैसे मात्र सावकाश देत. त्याची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक होती पंधराव्या लुईची मर्जीतली मादाम द्यु बारी. १७८७ च्या सुमारास गूतिएरचं दिवाळं निघालं. पाठोपाठ राज्यक्रांती झाली. डिसेंबर १७९३ मध्ये मादाम द्यु बारीचा शिरच्छेद झाला, आणि तिच्याकडून आपलं ७,५६,००० लिव्र येणं आहे असा दावा गूतिएर करत राहिला. ते पैसे त्याला मिळाले नाहीत. १८१३ मध्ये तो गरिबीत वारला.

सोनं चढवतात कसं?

आता सासूबाईंचा दुसरा प्रश्न. सोनेरी वस्तू सोन्याची नसते, हे तर आपण जाणतो. आपण गिलिटाचे दागिने म्हणतो, तो गिलिट शब्द इंग्रजीतूनच मराठीत आला. पण दोनशे वर्षांपूर्वी वीज नव्हती. मग काशाला सोनं चिकटायचं कसं?

पाऱ्यानं. कृती अशी होती. शुद्ध सोन्याचे बारीक तुकडे मुशीत लालभडक तापवायचे आणि त्यात पारा घालून ढवळायचं. एक भाग सोन्याला साधारण आठ भाग पारा. सोनं पाऱ्यात विरघळतं आणि लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. तो पाण्यात धुऊन, चामड्यात बांधून पिळला की जास्तीचा पारा बाहेर पडतो. मग हा गोळा पितळी तारांच्या कुंचल्यानं काशाच्या वस्तूवर सगळीकडे सारखा फासायचा. या वेळी वस्तू सोनेरी दिसत नाही, चांदीसारखी पांढरी दिसते.

मग ती कोळशाच्या भट्टीवर धरायची. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तो वाफ होऊन उडून जातो आणि सोनं काशाला घट्ट धरून मागे राहतं. कारागीर वस्तू हातात फिरवत राहतो, मधेच बाहेर काढून कुंचल्यानं थर सारखा करतो, पुन्हा भट्टीवर धरतो. एका थरानं भागत नाही. चांगल्या वस्तूला हे सगळं पुन्हा पुन्हा करत. शेवटी चकचकीत हवा तो भाग गुळगुळीत दगडानं घासायचा, आणि मंद हवा तिथे क्षारांचं मिश्रण लावून परत तापवून एकदम पाण्यात बुडवायचं. घासून झिलई आणण्याचं काम एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मोठ्या प्रमाणावर बायका करत.

इतकं करून सोन्याचा जो थर बसतो तो आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो. पण तो पिढ्यान् पिढ्या निघत नाही. गूतिएरची धूपदानी आज अडीचशे वर्षांची झाली.

आणि तो उडून गेलेला पारा?

तो कारागिराच्या छातीत जात होता. भट्टीवर वाकलेलं तोंड, धूर जायला साधं धुराडं, शेजारी शिकायला आलेलं पोर. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. आधी हिरड्या सुजत, तोंडाला सारखी लाळ सुटे, दात हलू लागत. मग हात कापू लागत. इतके, की पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येत नसे. ज्या हातांच्या कौशल्यावर पोट, तेच हात जात. स्वभाव बदले, माणूस चिडचिडा किंवा भित्रा होई, लोकांसमोर यायला लाजे. ही लक्षणं वाचताना मी थांबले होते.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्यानं १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. कुंभार, धोबी, खाणमजूर, सुईणी, अशा एकेका धंद्याचे आजार त्यात आहेत. रोग्याला इतर प्रश्न विचाराल तसं 'तू काय काम करतोस' हेही विचारा, असं वैद्यांना सांगणारा हा माणूस. त्याच्या ग्रंथात सुरुवातीलाच मुलामा देणाऱ्यांचं प्रकरण आहे. या धंद्यातले फार थोडे म्हातारे होतात, त्यांची मान आणि हात थरथरतात, दात पडतात, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. म्हणजे राणीनं १२,००० लिव्रला धूपदानी घेतली तेव्हा हे छापून ८२ वर्षं झाली होती.

आपण प्रतिक्रमणात कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द म्हणतो. स्वतः केलं ते, दुसऱ्याकडून करवलं ते, आणि दुसऱ्यानं केलेलं पाहून बरं वाटलं ते. लहानपणी मला वाटायचं, तिसरा शब्द उगाच जोडलाय. नुसतं बरं वाटलं त्यात काय दोष? या धूपदानीची गोष्ट वाचल्यावर त्या शब्दाचं काम कळलं. राणीनं भट्टी पेटवली नव्हती, तिनं कुणाला धूर घे म्हणून सांगितलंही नव्हतं. तिनं वस्तू पाहिली, तिला आवडली, तिनं घेतली. मी तिला नावं ठेवत नाही. मीही संग्रहालयाचं ते चित्र पाहून आधी "किती सुंदर!" असंच म्हटलं होतं.

राव्रिओचं मृत्युपत्र

या गोष्टीत मला ज्याचं नाव लक्षात ठेवावंसं वाटलं तो राजाही नाही आणि वैद्यही नाही. तो याच धंद्यातला शेठ. आंद्रे-आंत्वान राव्रिओ, जन्म १७५९. नेपोलियनच्या काळात पॅरिसमध्ये सोनेरी काशाच्या वस्तूंचा त्याचा मोठा कारखाना होता. बादशहाच्या राजवाड्यांना घड्याळं, दिवे, शोभेच्या वस्तू त्याच्याकडून जात. म्हणजे त्यानं आयुष्यभर या धुरावरच पैसा मिळवला.

१८१४ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्यानं ३,००० फ्रँक बाजूला ठेवले होते. मुलामा देणाऱ्या कामगारांना पाऱ्याच्या धोक्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधून काढेल त्याला ही रक्कम बक्षीस म्हणून द्यावी, अशी त्याची इच्छा होती. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं ती स्पर्धा जाहीर केली.

१८१८ मध्ये हे बक्षीस दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. त्याचा उपाय ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे. त्यानं पाऱ्याला पर्याय शोधला नाही, चूल बदलली. भट्टीवर छत्री घातली, समोरची बाजू शक्य तितकी बंद केली, आणि धुराड्याला जोडून एक वेगळा छोटा जाळ पेटता ठेवला. त्या जाळामुळे धुराड्यातली हवा गरम होऊन वर ओढली जाते आणि भट्टीवरची पाऱ्याची वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता त्या ओढीनं वर जाते. आज गॅसच्या शेगडीवर जी चिमणी आपण बसवतो ती पंख्यानं हेच करते. या भट्टीवर त्यानं लिहिलेला निबंध त्याच वर्षी छापला गेला, आणि बक्षीस राव्रिओनं ठेवलेलं आहे हे त्याच्या पहिल्या पानावर नमूद आहे.

यानं सगळं सुधारलं का? नाही. नवी भट्टी बांधायला खर्च होता, सगळ्यांनी ती लगेच बांधली नाही. शिवाय वाफ कारखान्यातून गेली ती शेवटी शहराच्या हवेतच. खरा बदल झाला १८४० मध्ये, जेव्हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी विजेच्या साहाय्यानं सोनंचांदी चढवण्याचं पेटंट घेतलं. हळूहळू पाऱ्याचा मुलामा मागे पडला. विजेच्या मुलाम्यालाही सायनाइडचं पाणी लागतं, तेव्हा तोही अगदी निर्दोष म्हणता येत नाही. पण भट्टीवर वाकून पाऱ्याची वाफ घेणं त्यात नाही.

राव्रिओचा मी बरेच दिवस विचार केला. जिवंत असताना त्यानं भट्ट्या का बंद केल्या नाहीत, हा प्रश्न आहेच. ३,००० फ्रँक त्याच्या व्यवसायाच्या मानानं मोठी रक्कमही नसावी. पण आपल्या पैशात कुणाचा तरी श्वास अडकलाय हे त्यानं लेखी कबूल केलं आणि ते मिटवण्यासाठी पैसे ठेवले. १७०० मध्ये रामात्सिनीनं लिहिलं आणि १८१८ मध्ये दार्सेची भट्टी आली, मध्ये ११८ वर्षं गेली. त्या मधल्या काळात हजारो लोकांनी या वस्तू बनवल्या, विकल्या, घेतल्या.

आणि ही गोष्ट संपलेली नाही. नेपाळमध्ये पाटणच्या कारागिरांकडे मूर्तींना आजही पाऱ्यानं सोनं चढवतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जगभरातल्या लहान, हातानं चालवल्या जाणाऱ्या सोन्याच्या खाणींत माती-दगडातलं सोनं गोळा करायला पारा मिसळतात आणि मग तो जाळून उडवतात. कृती तीच, गूतिएरच्या कारखान्यातली. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा आज या खाणींचा आहे. हे थांबवण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. भारतानंही तो मान्य केला आहे.

वर्खाबद्दल आपल्या घरांत हा प्रश्न केव्हाच विचारून झाला. मिठाईवरची चांदी कशात कुटतात हे कळल्यावर कितीतरी जणींनी ती मिठाई दारात येऊ दिली नाही. तेव्हा आपल्याला कुणी 'अतिच करता' असंही म्हटलं. सोन्याबद्दल आपण तो प्रश्न अजून फारसा विचारत नाही. दागिना घेताना कॅरेट विचारतो, घडणावळ विचारतो, हॉलमार्क पाहतो. ते सोनं कुठल्या खाणीतून आलं हे मी तरी आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

मग आमच्या तिवईचं काय?

पाऱ्यानं दिलेल्या मुलाम्यात थोडा पारा कायमचा अडकून राहतो. संग्रहालयातले तज्ज्ञ त्यावरूनच जुना मुलामा ओळखतात. आमच्या तिवईची एक माळ सैल होती, तिचा तुकडा घेऊन आम्ही ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांच्याकडे सोन्याची शुद्धता पाहायचं यंत्र आहे. त्यांनी पुढून तपासलं, मागून तपासलं. आत कासं नव्हतंच, जस्त होतं. वर सोन्याचा अगदी नावापुरता थर. पारा कुठेही दिसला नाही.

म्हणजे ती गूतिएरच्या काळातली नव्हती. जस्ताच्या अशा स्वस्त नकला एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही पुष्कळ निघाल्या. जावेचा चेहरा उतरला. पैसे बरेच गेले होते आणि दुकानदार आता फोन उचलत नाही. परतताना गाडीत कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे ही करताना कुणी तो धूर घेतला नाही?"

"पाऱ्याचा तरी नाही, आई," मी म्हटलं. "बाकीचं सांगता येत नाही."

"मग राहू दे दिवाणखान्यात."

आता तिच्यावर तुळशीचं छोटं कुंड आहे. जावेनं सुताराला बोलावून चौरंगाचा पाय नीट करून घेतला आणि जिनवाणी चौरंगावरच राहिली. माळेचा तुकडा तिनं स्वतः परत बसवला.

तुमच्यापैकी कुणाकडे सासर-माहेरची अशी जुनी सोनेरी वस्तू असेल, घड्याळ, आरशाची चौकट, दिव्याचा खांब, तर एवढं जपा. तिला चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची पावडर कधीही लावू नका. सोनं काळवंडत नाही, काळं पडतं ते खालचं धातू. घासलं तर डाग जाण्याआधी सोनंच जाईल. मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झाडा, एवढं पुरे. आणि वस्तू खरोखर जुनी असण्याची शक्यता असेल तर ती तापवू नका, त्यावर निखाऱ्यांची धूपदानी ठेवू नका, डाग देऊन जोडायलाही कुणाला देऊ नका. आत अडकलेला पारा तापवल्यावर बाहेर येतो.

पुढच्या वेळी दिवाळीच्या खरेदीला गेले की मी सराफांना खाणीचा प्रश्न विचारणार आहे. त्यांना उत्तर येईल असं वाटत नाही. पण चार जणींनी विचारलं तर ते त्यांच्या व्यापाऱ्याला विचारतील. तुम्हीही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.